कॉलमातली खिडकी

ऑफिसात तिला सगळे खिळेताई म्हणत. खरं नाव मालकांच्या पगारपत्रकात होतं, ते तिथेच राहिलं. हे नाव पडायला कारण होतं. दोन कॉलमांच्या पानावर चित्रं बसवायचं काम तिच्याकडे होतं, आणि तिनं एकदा बसवलेलं चित्र जागचं हलत नसे.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटतं, त्यात काय एवढं? जागा बघायची आणि चित्र ठेवून द्यायचं. अहो, तसं असतं तर आणखी काय हवं होतं! पान दोन कॉलमांचं असलं की मजकूर आधी डावीकडे तळापर्यंत उतरतो, मग उजवीकडे डोक्यावरून पुन्हा सुरू होतो. मध्येच चित्र आलं आणि ते उरलेल्या जागेत मावलं नाही, की कॉम्प्युटर त्याला उचलून पुढच्या पानावर फेकतो आणि हात झटकून मोकळा होतो. वाचणारा इकडे फुप्फुसाबद्दल वाचतोय आणि फुप्फुस तिकडे गुडघ्याच्या लेखात जाऊन बसलंय. चित्र जरा रुंद असलं तर विचारूच नका. ते दोन्ही कॉलमांवर हातपाय पसरतं आणि अर्धं पान खातं.

खिळेताईच्या हाताखाली असले लाड चालत नसत. चित्र एका कॉलमाच्या रुंदीत आलंच पाहिजे, एक केसही बाहेर नाही. लहान केल्यावर चित्रातली अक्षरं मुंगीएवढी होत. ती पुसून खिळेताई नव्यानं लिहायची. मग ज्या परिच्छेदात त्या चित्राचा उल्लेख असेल त्याच्या अगदी खाली ते पक्कं करायची. आता कॉलमाच्या तळाशी दोन ओळींची पोकळी उरली, तर वर कुठे एखादा परिच्छेद तोडता येतो का, कुठे शब्द खेचून ओळ वाचवता येते का, ते बघत बसायचं, कारण दोन्ही कॉलम खाली एका रेषेत संपले पाहिजेत. यात अर्धा दिवस गेला तरी ती कुरकुरत नसे. आयुष्यात बाकी काही एका रेषेत येत नव्हतं, निदान एवढं तरी येत होतं.

ऑफिस म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची एक लांबट खोली. तिचं टेबल अगदी आतल्या टोकाला, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट. बाहेर पडायचं तर शेजारच्या तरुण सहकाऱ्याला उठून खुर्ची सरकवावी लागे. हा सहकारी कामात इतका झपाट्याचा की त्याला सगळे वादळ म्हणत. वादळ येतं आणि मागे काय ठेवून जातं ते आपल्याला माहीत आहेच. त्यानं लावलेली चित्रं पानभर फिरायला जात.

"ताई, पुन्हा बाहेर?" तो खुर्ची सरकवताना म्हणायचा.

"पाणी प्यायला चाललेय रे बाबा, परदेशी नाही."

पाण्याचं भांडं जिन्यापाशी होतं. तिथे उभं राहिलं की रस्त्याचा एक तुकडा दिसे. ती पाणी पिऊन झाल्यावरही थोडा वेळ तिथेच थांबायची.

घर जवळच होतं. मोठी म्हणावी अशी एकच खोली, मध्ये उभं कपाट घालून तिचे दोन भाग केलेले. एका भागात स्वयंपाकाचा ओटा आणि तिची कॉट, दुसऱ्यात बाबांचा पलंग. "आपलं घरही दोन कॉलमांचं आहे," असं बाबा म्हणत. "आणि चित्र कुठेच नाही," असं ती म्हणे.

बाबा जुन्या छापखान्यातले जुळारी. एकेक अक्षराचा धातूचा खिळा उचलून ओळ जुळवायची, अशी त्यांची हयात गेली. खिळे गेले तेव्हा ते लेकीच्याच ऑफिसात प्रुफं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, वाचायला बसले आणि त्यांची नजर अशी की ऑफिसात त्यांना भिंगबाबाच म्हणायचे. चूक पानात कुठेही दडून बसली तरी बाबांच्या नजरेतून सुटत नसे. मग ते जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड गेलं, आणि पलंगाला खिळले. न्हाणीघरापर्यंत जायचं तर लेकीचा खांदा लागे. आई कधीच गेली होती. धाकटा भाऊ दूरच्या गावी असायचा आणि फोनवरून सल्ले द्यायचा. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. खिळेताईच्या लग्नाचं बोलणं पूर्वी एकदोनदा निघालं होतं. प्रत्येक वेळी बाबांचं काहीतरी दुखू लागलं आणि बोलणं आपोआप मागे पडलं.

मालकांनी मात्र बाबांचा मान ठेवला होता. डॉक्टरांचं एक मासिक ऑफिसात दर महिन्याला तयार व्हायचं. त्याची शेवटची प्रुफं खिळेताई पिशवीतून घरी न्यायची. बाबा मांडीवर फळी घेत, लाल पेन्सिल कानावरून काढत आणि पान न् पान बघत. त्यांची खूण झाल्याशिवाय अंक छापायला जात नसे. महिनाभर ते त्या संध्याकाळची वाट बघायचे, हे काही ते बोलून दाखवत नसत, पण त्या दिवशी दाढी करून घेत.

आता खिडकीचं सांगायला हवं. डॉक्टर मंडळी लेख वेळेवर पाठवायची, चित्रं मात्र निवांत. चित्र येईपर्यंत त्याची जागा धरून ठेवावी लागते, नाहीतर ते आलं की सगळं पान कोलमडतं. बाकीचे लोक तिथे करडा चौकोन ठेवतात. खिळेताईला तो आवडत नसे. करड्या चौकोनावरून नजर घसरते आणि तो तसाच छापला जातो, असं तिचं मत. म्हणून ती तिथे एक फोटो लावायची. बाबांच्या पलंगावर बसून तिनंच काढला होता. उभी अरुंद खिडकी, तिचे गज, पलीकडे समोरच्या इमारतीची भिंत, तिच्यावरून उतरणारा नळ, दोरीवर एक शर्ट आणि वर बोटभर आकाश. एका कॉलमाच्या मापाला तो फोटो चपखल बसे. खरं चित्र आलं की खिडकी काढायची. क्वचित एखादी राहून जायची. मग बाबा घरी पान बघता बघता हाक मारत, "एक खिडकी राहिलीय गं!" त्यांना त्यात भारी मौज वाटे. ऑफिसातही सगळ्यांना ताईंची खिडकी ठाऊक होती.

एक दिवस मालक स्वतः उठून तिच्या टेबलाशी आले. मालक असे आले की एक तर कौतुक, नाहीतर कंबख्ती.

"ताई, शरीरशास्त्राचा मोठा सचित्र कोश निघतोय. मोठ्या शहरातल्या एका प्रकाशनाच्या बाई काढताहेत. सगळी पानं दोन कॉलमांची, पानोपानी चित्रं. बसवणारं माणूस त्यांना तिथेच हवंय, त्यांच्या ऑफिसात. मी तुमचं नाव सांगितलंय."

"माझं?"

"नाही, माझ्या आजोबांचं! तुमचंच हो. आपला या महिन्याचा अंक त्यांना पाठवणार आहे. तो बघून त्या ठरवतील. नेहमीसारखा निघाला की झालंच समजा."

"माझंही नाव टाका की," वादळ म्हणाला.

"टाकलंय. खाली."

त्या संध्याकाळी घरी जाताना खिळेताईनं चाकांची एक बॅग घेतली. अजून कशात काही नव्हतं आणि ही बाई बॅग घेऊन मोकळी! तिला जायचं होतं, हे सरळच सांगतो. त्या भिंतीतून आणि त्या कपाटाआडून तिला बाहेर पडायचं होतं, कुणालाही खुर्ची सरकवायला न सांगता. संध्याकाळी घरी परतायचा रस्ता वेगळा असावा, एवढ्यासाठीसुद्धा ती गेली असती.

बॅग तिनं घरातल्या कपाटावर ठेवली. पलंगावरून ती बरोबर दिसत होती.

"हे काय?" बाबा म्हणाले.

तिनं सांगितलं. भावाला फोन झाला होता, तेही सांगितलं. भाऊ चक्क म्हणाला होता, ताई, तू जा, बाबांना मी इकडे आणतो, एक खोली रिकामीच आहे. उंटावरून का होईना, या वेळी त्यानं शेळी नीट हाकली होती.

"जा की," बाबा म्हणाले. "मी काय तुझे पाय धरलेत?"

"तसं नाही हो बाबा."

"मग कसं? चांगलं काम आहे. जा."

रात्रीचं जेवण त्यांनी अर्धंच केलं. दुसऱ्या दिवशी पाय दुखायला लागला, तिसऱ्या दिवशी कंबर. शेजारच्या मावशी दुपारी त्यांच्याकडे लक्ष द्यायच्या. त्या म्हणाल्या, "अगं, आज दिवसभर कपाटाकडे बघत पडले होते." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी खिळेताईची अवस्था झाली. राहावं तर जीव गुदमरतो, जावं तर बाबांचे डोळे पाठ सोडत नाहीत.

अंकाचं काम मात्र तिनं डोळ्यांत तेल घालून केलं. शेवटी एकच चित्र यायचं राहिलं. फुप्फुसाच्या लेखातला उपचारापूर्वीचा एक्स-रे. तिथे खिडकी लागली होती, खाली चित्रओळ तयार होती, दोन्ही कॉलम तळाशी रेषेत होते. प्रुफं काढायच्या दिवशी दुपारी एक्स-रे आला. तिनं तो उघडून बघितला, कॉलमाच्या मापात कापला, नाव देऊन ठेवला. आता पान उघडायचं आणि खिडकीच्या जागी तो टाकायचा, एवढंच उरलं.

तिनं पान उघडलं. खिडकी बघितली. ही खिडकी भावाच्या घरी नसणार, असं तिच्या मनात आलं. तिथे बाबांना काय दिसेल? आणि आपल्याला तिकडे काय दिसेल? नवी खोली, नवी कुलपं, ऑफिसात सगळी अनोळखी माणसं, आणि चुकलं तर विचारायला कुणी नाही. तेवढ्यात वादळानं एका तक्त्यासाठी हाक मारली. "आले," म्हणून ती उठली. परत आली तेव्हा प्रुफं काढायची वेळ झाली होती. तिनं छापायचं बटण दाबलं. पुढे कधीही विषय निघाला की ती म्हणायची, "राहूनच गेलं."

घरी बाबांनी दाढी करून ठेवली होती. फळी, पेन्सिल, चष्मा, सगळं तयार. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून कांदा चिरत होती. कपाटापलीकडे पानं उलटल्याचा आवाज येत होता. एक पान, मग दुसरं. मध्येच आवाज थांबला. बराच वेळ थांबला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मग पान उलटलं आणि वाचन पुढे सुरू झालं.

"झालं," बाबा म्हणाले. "स्वच्छ आहे."

"एकही खिडकी नाही?" असं विचारणं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. प्रुफं पिशवीत घातली आणि सकाळी अंक छापायला गेला.

अंक बाहेर पडला आणि फोन सुरू झाले. डाव्या कॉलमात, लेखाच्या ऐन मध्यावर, एक केसही इकडेतिकडे न होता, गजांची खिडकी, भिंत, नळ आणि दोरीवरचा शर्ट छापून आला होता. खाली चित्रओळ होती: 'उपचारापूर्वीचे डावे फुप्फुस. उजवीकडचा पांढरा भाग पाहावा.' पांढरा भाग म्हणजे तो शर्ट. एका वयस्कर डॉक्टरांनी संपादकांना कळवलं की रुग्णाच्या बरगड्या त्यांच्या अनुभवाच्या मानानं फारच सरळ आहेत. ऑफिसात सगळे तोंड दाबून हसले, आणि ताई दिसल्या की गप्प झाले. ते गप्प होणंच तिला जास्त लागलं.

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "ताई, तुम्ही?"

"राहूनच गेलं," ती म्हणाली.

"आणि भिंगबाबा? त्यांना दिसलं नाही?"

प्रकाशनाच्या बाईंनी दुसरं नाव घेतलं. वादळ जाताना मनापासून हळहळला, पोरगा वाईट नव्हता. "ताई, खरं तर तुम्हीच जायला हवं होतं," असं तो म्हणाला आणि गेला. त्याची खुर्ची रिकामी झाली. आता तिला बाहेर पडायला कुणाला उठवावं लागत नव्हतं. पण ती दिवसचे दिवस पाणी प्यायलासुद्धा उठली नाही.

घरी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. छापलेला अंक आला का, असं बाबांनी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं दर महिन्याला ते तिच्या आधी अंकाची चौकशी करत. या वेळी चहाचं विचारलं, औषधाचं विचारलं, अंकाचं नाव नाही. ती आठवडाभर वाट बघत राहिली. मग एका संध्याकाळी तिनं अंक उघडला आणि तेच पान त्यांच्या फळीवर ठेवलं.

बाबांनी चष्मा लावला नाही.

"चष्मा लावा ना," ती म्हणाली.

"कशाला? माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"खिडकी आहे."

ती पलंगाच्या कडेला बसली. "तुम्ही पाहिली होती?"

"माझीच खिडकी मला दिसणार नाही होय गं?" बाबा भिंतीकडे बघत बोलत होते. "पेन्सिल टेकवली होती तिच्यावर. मग वाटलं, ही खूण केली की अंक चांगला निघणार. अंक चांगला निघाला की तू जाणार. मग पान उलटलं."

"आणि वर स्वच्छ आहे म्हणालात."

"म्हणालो."

"बाबा, मी कधी काही मागितलं होतं का तुमच्याकडे?" तिचा आवाज चढला. पलीकडे मावशींकडे ऐकू गेला असेल, पण तिला पर्वा नव्हती. "एवढं एकच होतं. तुम्ही सरळ नको जाऊस म्हणाला असतात तरी मी थांबले असते. जा म्हणालात आणि असं केलंत!"

"म्हणूनच तसं म्हणालो नाही," बाबा म्हणाले. "थांब म्हटलं असतं तर तू थांबली असतीस, आणि जन्मभर ते माझ्या नावावर राहिलं असतं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिनं त्यांना जेवायला वाढलं, औषध दिलं, पांघरूण घातलं, सगळं रोजच्यासारखं केलं, फक्त एक शब्द बोलली नाही. कपाटावरची बॅग खाली काढली, तिच्यात जुन्या चादरी कोंबल्या आणि पुन्हा वर ठेवून दिली.

पुढच्या महिन्यात तिनं प्रुफं घरी आणली नाहीत.

त्या संध्याकाळी बाबांनी दाढी केली होती. "पानं?" त्यांनी विचारलं.

"मीच बघितली ऑफिसात."

"एका माणसाच्या नजरेतून सगळं सुटतं. दोन नजरा लागतात."

"दोन नजरा होत्या ना मागच्या वेळी," ती म्हणाली. "माझा तुमच्या वाचण्यावर विश्वास नाही राहिला, बाबा."

ज्याचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलं त्याला याहून वर्मी लागेल असं दुसरं काही नव्हतं, आणि हे तिला पक्कं माहीत होतं. बाबांनी कानावरची पेन्सिल काढली आणि उशीखाली ठेवली. ऑफिसात मालकांनी चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, "त्यांचे डोळे दुखतात हल्ली." त्यानंतरच्या महिन्यातही असंच झालं. बाबांनी दाढी करणं सोडलं. मावशी सांगायला आल्या, "अगं, औषधाच्या खोक्यावर काहीतरी लाल लाल गिरवत बसलेत. मी विचारलं तर म्हणाले, यात एक अनुस्वार कमी आहे." मावशी हसल्या. खिळेताईला हसू आलं नाही. तिचा राग अजून पुरता उतरला नव्हता. तिला वाटे, आपलं सगळं या एका पलंगानं खाल्लं, आणि असं वाटलं की लगेच स्वतःचीच लाज वाटे.

मग एका दुपारी ती कामात असताना यकृताच्या लेखासाठी थांबलेलं चित्र आलं. खिडकी लावून जागा धरलेली होतीच. तिनं चित्र कापलं, नाव दिलं, पान उघडलं, खिडकी उडवली आणि चित्र बसवलं. सगळं झाल्यावर तिला कळलं की झालं. हातानंच करून टाकलं होतं, ती त्या वेळी दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होती.

ती खुर्चीत मागे टेकली. इतकी वर्षं असंच होत आलं होतं. चित्र आलं की हात खिडकी उडवायचाच, डोक्याला विचारायला थांबायचा नाही. ज्या खिडक्या राहायच्या त्यांची चित्रं मुळात आलेली नसायची. मग त्या दिवशी एक्स-रे आलेला, कापलेला, पान समोर उघडं, आणि हात थांबला कसा? हात आपण होऊन थांबत नाही. तिनं थांबवला होता. वादळाची हाक तर नंतर आली. बाबांवर दोन महिने धरलेला राग आता ठेवायला जागा उरली नाही.

त्या संध्याकाळी तिनं अंकाची प्रुफं पिशवीत घातली. मुद्दाम लवकर निघाली. घरी येऊन पिशवी बाजूला ठेवली आणि बाबांच्या पलंगावर बसली.

"बाबा, एक सांगायचं आहे."

"सांग."

"तो एक्स-रे दुपारीच आला होता. माझ्या समोर होता. मी लावला नाही."

बाबांनी मान वळवली. "राहून गेला म्हणालीस ना?"

"नाही राहिला. मी भ्याले. तिकडे एकटीला जमलं नाही तर काय, असं वाटलं. खिडकीकडे बघत बसले आणि उठून गेले." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते तिनं पुसलं नाही. "आणि मग सगळं तुमच्यावर ढकलून दिलं."

मग बाबांनी एक विचित्र आवाज केला. आधी तिला वाटलं, खोकला. मग कळलं, ते हसताहेत.

"म्हणजे दोघांनीही," ते म्हणाले. "त्या बिचाऱ्या डॉक्टरांचं फुप्फुस!"

तिलाही हसू फुटलं. रडता रडता हसणं असतं तसं, नाक ओढत. हसू ओसरल्यावर बाबांनी तिचा हात धरला. त्यांचा हात जुळाऱ्याचा, बोटांची टोकं अजून कडक होती.

"मी भ्यालो तर एक वेळ चालेल," ते म्हणाले. "माझं सगळं मागे राहिलंय. तू का भ्यायचीस? पुन्हा बोलावतील का त्या बाई?"

"नाही. माणूस मिळालाय त्यांना."

"दुसरीकडे कुठे?"

"माहीत नाही. बघावं लागेल. कुणी विचारलं तर."

"कुणी कशाला विचारतंय इथे बसून? तू विचार." बाबांचा आवाज प्रुफं वाचताना व्हायचा तसा करडा झाला. "आणि त्या बॅगेत चादरी कुणी भरल्यात? बॅग काय चादरी ठेवायला घेतली होतीस?"

कपाटापलीकडे अंधार पडत होता. उठून तिनं दिवा लावला, पिशवीतून प्रुफं काढली आणि फळीसकट त्यांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी पानांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"विश्वास आहे?"

"पुढच्या वेळी खूण करा म्हणजे झालं," ती म्हणाली. "काहीही होणार असलं तरी करा."

"आणि तू चित्र लाव."

"लावेन."

त्यांनी उशीखालून पेन्सिल काढली, चष्मा चढवला. ती ओट्याकडे गेली नाही. तिथेच उभी राहून बघत राहिली. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर त्यांची पेन्सिल वरून खाली उतरत आली आणि उजव्या कॉलमाच्या मध्यावर थांबली. मूत्रपिंडाचं एक चित्र डॉक्टरांकडून अजून यायचं होतं. त्यांनी त्या जागेभोवती लाल पेन्सिलीनं चांगला जाड गोल काढला, एकदा नव्हे, दोनदा.

"एक खिडकी राहिलीय गं," ते म्हणाले.

"हो, बाबा," ती म्हणाली. मग तिनं स्टूल ओढलं, कपाटावरची बॅग खाली घेतली आणि तिच्यातल्या चादरी काढायला लागली.